आवसेचं पाणी

मला मासे आवडतात ते ताटात. पाण्यातल्या माशांशी माझं कधी जमलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण साताऱ्यातल्या आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची भलीमोठी टाकी आहे आणि ती मी सांभाळते असं कळलं की लोकांना मी फार प्रेमळ बाई वाटते. टाकी माझ्या नवऱ्याची. तो मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. सुट्टीवर आलेली माणसं बायकोला घेऊन कुठंतरी फिरायला जातात. हा गडी आल्या दिवसापासून हॉलमध्ये समुद्र बांधत बसला.

शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्राचं मीठ मोजून कालवायचं, खडक रचायचे, निळे दिवे लावायचे, असं करत करत त्यानं ते उभं केलं. मऊ प्रवाळ आणले, मोजके मासे आणले. मधल्या खडकावर एक समुद्रफूल बसवलं. फूल म्हणायचं इतकंच, आहे तो प्राणीच. बोटाएवढे असंख्य हात, त्यांची टोकं जांभळी, आणि मधोमध तोंड. "नीट सांभाळलंस तर हे आपल्या दोघांपेक्षा जास्त जगेल," तो म्हणाला होता. मी म्हटलं, मग त्यालाच सांग आपल्याला सांभाळायला.

त्यानंतरच्या फेरीत एका दुपारी तो पाळीवर गेला नाही. जहाजभर शोधलं, समुद्रात शोधलं, तो मिळाला नाही. कंपनीच्या माणसानं फोनवर मोठ्या सभ्यपणे 'बेपत्ता' हा शब्द वापरला. मेला असं तो म्हणाला नाही, आणि मी त्या शब्दाला घट्ट धरून बसले. तो दारात उभा राहील तेव्हा त्याला समुद्रफूल जिवंत दिसलं पाहिजे, हे काम मी स्वतःला लावून घेतलं. पुढं पुढं माझ्या डोक्यात त्याचं उलटंही बसलं. फूल जिवंत आहे तोवर तोही कुठंतरी आहे.

मी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर नळ्यांमध्ये थेंब टाकायचे आणि रंग बघायचे. त्यामुळं टाकीचं पाणी तपासणं मला अवघड गेलं नाही. बंद टाकीचं दुखणं एकच असतं. तिथलं काहीच बाहेर जात नाही. माशांना घातलेलं अन्न, त्यांची घाण, कुजलेलं काहीबाही, सगळ्याचं शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट होतं. म्हणजे खतच, उसाला घालतो तेच. शिवारात त्यानं ऊस वाढतो आणि टाकीत शेवाळ. शेवाळ माजलं की प्रवाळ गुदमरतात आणि समुद्रफूल मिटतं. म्हणून ती खतं ओढून काढायला काहीतरी लावावं लागतं. नवऱ्यानं स्किमर लावला होता. बारीक बुडबुड्यांचा फेस करून पाण्यातली घाण वर चढवायची आणि वरच्या पेल्यात साठवायची, एवढंच ते यंत्र करतं. पेल्यात काळ्या चहासारखं काहीतरी जमायचं. त्याचा वास असा की आबा उठून ओट्यावर जायचे.

आबा म्हणजे माझे सासरे. फौजेतून निवृत्त होऊन मेढ्याकडं गावी शेती बघत होते. मुलगा बेपत्ता झाल्याचं कळलं तसे पिशवी घेऊन आले ते माझ्याकडंच राहिले. "तू येकली कशी ऱ्हाशील?" एवढंच म्हणाले. बोलणं कमी, खाणं कमी, रोज गुळगुळीत दाढी. टाकीच्या डाव्या कोपऱ्याशी खुर्ची टाकून ते दिवस दिवस बसायचे. पंपातून पाणी खाली उतरताना कुणीतरी घोट घेतल्यासारखा आवाज व्हायचा. त्या आवाजावर आबांची मान हलायची.

सुरुवातीचे महिने पाणी ठीक होतं. मग एकदा लोणंदची भावकी आली. शरीर मिळालं नाही तर कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं उरकायचं, जिवाला मोकळं करायचं, असं त्यांचं म्हणणं. मी दारात उभी होते. आबा उठले. "धड न्हाई, हाड न्हाई, राख कुणाची करताय? माझा ल्योक येनार हाय," म्हणाले आणि त्यांनी पाहुण्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. त्या दिवशी मला आबांचे पाय धरावेसे वाटले. आम्ही दोघं एका बाजूला आहोत असं मी समजत होते.

त्यानंतर पाणी बिघडायला लागलं.

बिघाडही विचित्र. फॉस्फेट तपासताना नळीतला रंग गर्द निळा व्हायचा, म्हणजे भरपूर. नायट्रेटच्या नळीत गुलाबीचा मागमूस नसायचा, म्हणजे शून्य. दोन्ही एकाच अन्नातून येतात, ती साधारण जोडीनं वाढायला हवीत. इथं एक चढत होतं आणि दुसरं कुणीतरी चाटून पुसून खात होतं. आधी मी औषधांवर संशय घेतला. नवीन मागवली. तेच.

माझं माहेर सांगलीचं. तिथं बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माशांचं दुकान आहे. आईला भेटायला गेले तेव्हा मी दुकानदाराला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "ताई, मासं किती तुमचं?" मी म्हटलं, चार. तो म्हणाला, "चार माशांचं काम न्हाई ह्ये. खानारी तोंडं जास्त हायत तुमच्याकडं."

मला ते बोलणं अजिबात आवडलं नाही. पण त्यानं उपाय सांगितले ते मी ऐकून घेतले. एक म्हणजे लोखंडाच्या गंजापासून केलेले दाणे. पाणी त्यांच्यातून सोडलं की ते फॉस्फेट धरून ठेवतात. दुसरं म्हणजे खाली वेगळी टाकी करून, दिवा लावून त्यात गुंत्याचं हिरवं शेवाळ वाढवायचं. ते खतं खाऊन वाढतं, मग मूठभर उपटून फेकायचं. तिसरं त्यानं जरा आवाज उतरवून सांगितलं. काही लोक टाकीत थेंब थेंब साखरपाणी घालतात. त्यावर जिवाणू पोसतात, ते नायट्रेट खातात, आणि त्या जिवाणूंनाच स्किमर फेसावर काढतो. "पण ह्यात हात जरा जरी जड झाला तर पानी दुधागत पांढरं हुतंय. जिवानू हवा पिऊन टाकत्यात. मासं गुदमरून मरत्यात." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाला, "तुमी साखर घालत न्हाई न्हवं? न्हाई, लक्षनं तशी दिसत्यात म्हनून इचारलं."

"साखर मी चहात घालते," मी म्हटलं आणि गंजाचे दाणे घेऊन निघाले.

दाण्यांनी फॉस्फेट उतरलं, पण असं धाडकन उतरलं की समुद्रफूल आक्रसून गेलं. घाबरून मी दाणे काढले. मग खालची टाकी केली, शेवाळ आणलं, त्याच्यावर दिवा लावला. वर एवढं खत साचलेलं, शेवाळ फोफावायला हवं होतं. ते पांढरं पडत गेलं आणि विरघळलं. नायट्रेट नाही म्हणून ते उपाशी मेलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ह्या पाण्यात माझं काही जगत नाही.

मग वाळूवर लाल पापुद्रा यायला लागला. सकाळी वाळू स्वच्छ असायची. ऊन चढेल तसा तो पापुद्रा पसरायचा, त्याखाली बुडबुडे धरायचे, आणि संध्याकाळनंतर परत दिसेनासा व्हायचा. मी नळीनं ओढून काढला की दुसऱ्या दिवशी तिथंच हजर.

आणि समुद्रफूल चालायला लागलं. त्याला खालच्या बाजूला एक पाय असतो. जागा आवडेनाशी झाली की ते सरकतं, हे मी वाचलं होतं. पण ते रोज थोडं थोडं डाव्या कोपऱ्याकडंच येत होतं, आबांच्या खुर्चीकडं. रविवारी मी घरी असायचे तेव्हा बघितलं, दुपार झाली की चारही मासे त्याच कोपऱ्यात काचेला तोंड लावून उभे राहायचे. बाहेर रिकामी खुर्ची. आबा त्या वेळी आत पडलेले. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "वळख झाली आसंल."

आमच्याकडं अमावास्येला लोक सहसा रक्त द्यायला येत नाहीत. लॅब ओस पडते. त्या दिवशी मी लवकर घरी येऊन पाणी तपासत असे. पाणी सगळ्यात वाईट त्याच संध्याकाळी निघतं, हे माझ्या ध्यानात यायला फार दिवस लागले. आधी मी म्हटलं, आपण तपासतोच तेव्हा, म्हणून तसं वाटतं. मग मुद्दाम मधल्या दिवशी तपासलं. पाणी सावरत आलेलं असायचं. अमावास्या आली की परत निळं.

अमावास्येला समुद्राला उधाण येतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. साताऱ्यात उधाण येत नाही. समुद्र घाटाच्या पलीकडं. पण टाकीतलं मीठ आता बाहेर निघालं होतं. झाकणाच्या कडेनं, वायरवरून, भिंतीवरून पांढरी खवली चढत होती. पुसली तरी परत यायची. हॉलमध्ये पाऊल टाकलं की जिभेवर खारट लागायचं. मला भीती वाटत होती. त्याहून वाईट म्हणजे त्या भीतीत थोडी आशाही होती. एका अमावास्येच्या संध्याकाळी हातात निळी नळी धरून मी टाकीला विचारलं, "तू आलायस का?"

आबा खुर्चीतच होते. मी विसरले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, फक्त हात धोतराला पुसला.

पुढच्या अमावास्येला लॅबमध्ये सकाळपासून एकही माणूस फिरकला नाही. डॉक्टर म्हणाले, जा घरी. मी भर दुपारी दार उघडलं आणि समोर टाकीच नव्हती. म्हणजे काच होती, दिवे होते, पण आत नुसतं पांढरं. खडक नाही, फूल नाही, काही नाही. दिव्यांमुळं ते पांढरं आतून निळसर पेटल्यासारखं दिसत होतं. आणि आबा डाव्या कोपऱ्यात सदऱ्याची बाही दुमडून कोपरापर्यंत हात त्या पांढऱ्यात बुडवून उभे होते.

"बघ पोरी," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. "आज मागून खायला लागल्यात."

चारही मासे वर येऊन पाण्याबाहेर तोंडं काढून उघडमीट करत होते. काठावर पितळी होती. तिच्यात कणीक आणि गुळाचे गोळे. बरेचसे संपले होते.

"सकाळधरनं घालतोय. त्येंचं पोटच भरंना आज."

मला एका क्षणात सगळं कळलं. गुळात साखर. कणकेत फॉस्फेट. निळी नळी, लाल पापुद्रा, उपाशी मेलेलं शेवाळ, सरकत आलेलं फूल, सगळं. मासे खायला मागत नव्हते. त्यांचा जीव जात होता.

"आबा, हात काढा. ते गुदमरतायत."

त्यांनी हात काढला. काय, कशानं, काही विचारलं नाही. फौजेतल्या माणसाला हुकूम कळतो. मी हवेचे पंप लावले, खिडक्या उघडल्या, ड्रममध्ये साठवलेलं खारं पाणी ओतायला घेतलं. आबा तांब्यानं पाणी उंच उचलून परत टाकीत सोडत राहिले, हवा मिसळावी म्हणून. दिवेलागणीपर्यंत चारही मासे गेले. पांढरं विरळ झालं तेव्हा तळाशी समुद्रफूल दिसलं. मुठीएवढं, सुरकुतलेलं, राखाडी. मी चिमट्यानं शिवलं तर किंचित आखडलं. जिवंत होतं.

आम्ही ओट्यावर बसलो. अंगाला गुळाचा आणि मिठाचा वास येत होता.

"आबा, कुणासाठी घालत होता?"

ते म्हणाले, "आवसेला कुनाला घालत्यात, पोरी?"

मी म्हटलं, "तुम्ही तर भावकीला म्हणालात, येणार आहे."

"तू दारात हुतीस. तुज्या म्होरं कसं म्हनू, माजा ल्योक गेला म्हनून?" ते समोरच्या रस्त्याकडं बघत होते. "फौजंत लय बेपत्ता बघितलं म्या. मला पयल्याच दिशी ठावं हुतं. आदी हतं घरावर निवद ठेवला. कावळा कवा शिवलाच न्हाई. मग माहुलीला जाऊन नदीत सोडला. पर नदी गोडी. त्यो खाऱ्यात गेलाय. मग टाकीत घातला, तर मासा लगीच शिवला. मधल्या दिशीबी दुपारचं चिमूटभर घालायचो." थांबून म्हणाले, "मला वाटलं, पोचलं."

मला त्यांचा भयंकर राग आला. मी ज्याला जिवंत ठेवायला रात्रंदिवस त्या पाण्याशी झगडत होते, त्याला हा म्हातारा माझ्याच घरात, माझ्या माघारी, महिन्याच्या महिन्याला मेलेल्यांचं जेवण घालत होता. आणि ते करताना माझ्या कपाळावरचं कुंकूही सांभाळत होता. मला ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही, कारण त्यांचा उजवा हात अजून ओला होता आणि तो तसाच मांडीवर ठेवून ते बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी बदलत राहिले. आबा ड्रम भरायला मदत करायचे. खुर्ची त्यांनी आपणहून उचलून आत ठेवली. "बंद क्येलं म्या," म्हणाले. गूळ थांबला तसं पाणी सावरलं, लाल पापुद्रा गेला, दोन्ही नळ्या आपापल्या रंगावर आल्या. खालच्या टाकीत परत शेवाळ आणलं, ते ह्या वेळी तरारून आलं. स्किमर होताच. दाणे मी कपाटात टाकून ठेवले. शेवाळाचं बरं असतं, आत किती गेलं ते डोळ्यांना दिसतं आणि हातानं उपटून बाहेर काढता येतं. समुद्रफूल हळूहळू उघडलं. त्याचा जांभळा रंग परतला.

अमावास्या जवळ आली तसे आबा जेवेनासे झाले. दोन घास खाऊन ताट सारायचे आणि हॉलमध्ये न येता मागच्या दारी जाऊन बसायचे. शेवटी मीच म्हटलं, "कणीक नको. गूळ नको. कोळंबीचा एवढासा तुकडा, नखाएवढा. तेवढं शेवाळ ओढून घेईल. आणि मासे नाहीत, त्या फुलालाच द्यायचा."

आबा म्हणाले, "त्येला कोळंबी लय आवडायची."

अमावास्येला मी सुट्टी घेतली. दुपारी पंप बंद केले. पाणी स्थिर झालं. आबा आंघोळ करून आले होते. त्यांनी तुकडा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, तुम्ही टाका. ते म्हणाले, "न्हाई. तुजा हात लागू दे."

मी चिमट्यानं तो तुकडा फुलाच्या वर धरला. समुद्रफूल कोळंबी घेतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मांसाचा वास लागला की ते मिटतं, त्यात ना देव ना पितर. मीच ते अन्न निवडलं होतं. तरी तुकडा सोडताना मी मनात एकच घोकत होते, घेऊ नकोस. त्यानं घेतला नसता तर अजून काही दिवस मला मिळाले असते.

तुकडा खाली उतरला. एका हाताला चिकटला. मग शेजारचा हात वळला, मग त्याच्या शेजारचा, आणि सगळे हात आत झुकत मिटत गेले. मधलं तोंड उघडलं. तुकडा दिसेनासा झाला.

शेजारी आबांनी हात जोडले. माझ्या ओल्या हातांचं काय करावं ते मला सुचेना, म्हणून मीही ते जोडले.